विसळलेली बाटली

बाटली ओली होती.

रोलंड प्रिबिलने ती सवयीने दिव्यासमोर धरली आणि आतल्या बाजूला, बाटलीच्या खांद्याच्या जरा खाली, पाण्याचे थेंब चिकटलेले त्याला दिसले. चष्म्याच्या दुकानात काचा उजेडात धरून बघण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, तेव्हा काचेवर काय आहे आणि काय नाही याबाबत त्याची सहसा फसगत होत नसे. तपकिरी काच, आत पाच-सहा थेंब, तळाशी जेमतेम ओल. रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात ओली बाटली असायचं काही कारण नव्हतं. त्यातल्या सगळ्या बाटल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच रिकाम्या झालेल्या, धुतलेल्या, खुंट्यांवर उलट्या टांगून खडखडीत वाळवलेल्या होत्या. त्यानंतर त्या घरात कुणी बिअर प्यायलं नव्हतं. निदान रोलंड तरी प्यायला नव्हता; ऑक्टोबरची बिअर त्याने नाताळपर्यंत मुरायला ठेवली होती. आणि त्या घरात रोलंडखेरीज एकच माणूस राहत होतं.

त्याने बाटली नाकाशी नेली. बिअरचा वास नाही, आंबूस वास नाही, काही नाही. नुसता धुतल्या काचेचा. आणि त्यामुळेच त्याने ती पुन्हा एकदा दिव्यासमोर धरली. बाटली रिकामी झाल्या झाल्या गरम पाण्याने तीनदा विसळायची, मनगटाने गरगर फिरवून पाणी झटक्यात ओतायचं, मग उजेडात धरून तळ बघायचा, ही या घराची रीत होती. घरी केलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा चमचाभर गाळ उरतो. तो एकदा वाळला की सिमेंट होतो; मग ब्रश घाला, सोडा घाला, दिवसभर भिजत ठेवा, तो हलत नाही, आणि अशा बाटलीत भरलेली बिअर बिघडते, नाहीतर बाटलीच एखाद्या दुपारी तळघरात फटाक्यासारखी फुटते. रोलंडने ही रीत लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी नॅडीनला शिकवली होती, वरच्या स्वयंपाकघरात, मागे उभं राहून तिची दोन्ही मनगटं धरून. "बाटली धुतोयस की बाळाला आंघोळ घालतोयस?" असं तेव्हा ती हसत म्हणाली होती. बाळ पुढे झालं नाही ते नाहीच. बाटल्या मात्र चिकार झाल्या. आणि तीनदा विसळणं नॅडीनच्या हातात असं बसलं की लोकांच्या घरी जेवायला गेल्यावरही ती त्यांच्या बाटल्या विसळून ओळीने उलट्या मांडून यायची. लोक कौतुक करायचे. रोलंडला त्या वेळी त्या कौतुकाचा अभिमान वाटायचा, आणि आपली बायको त्या बाटल्यांच्या जवळ जवळ का घोटाळते हा प्रश्न त्याला पुढे कितीतरी वर्षं पडला नाही.

त्याने ती बाटली बाजूला ठेवली आणि खोक्यातली दुसरी काढली. कोरडी. तिसरी कोरडी. चौथीच्या गळ्यात पुन्हा थेंब होते. मग तो उठला आणि पडदा सारून पलीकडे गेला. हा पडदा म्हणजे आंघोळीच्या टबाला लावतात तसा, निळ्या माशांचा. तळघराच्या एका बाजूला कपडे धुण्याचं यंत्र आणि सिमेंटची मोरी, दुसऱ्या बाजूला रोलंडची पिंपं, नळ्या, बादल्या आणि भरलेल्या बाटल्यांची खोकी. मधे हा पडदा. गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या सुमाराला नॅडीनने कानाला खडा लावला, चर्चच्या तळघरात जमणाऱ्या, दारू सोडलेल्या मंडळींच्या बैठकीला जायला लागली, त्याच आठवड्यात रोलंडने हा पडदा विकत आणून स्वतःच्या हाताने टांगला होता. कपडे धुवायला खाली आल्यावर तिच्या नजरेला काही पडू नये म्हणून. काय मोठं काम केलं आपण, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं. आता पडद्याआड ऑक्टोबरमधल्या तपकिरी बिअरची खोकी जशीच्या तशी दिसत होती. पुढची रांग भरलेली, तिच्या मागची भरलेली. त्याने हात घालून सगळ्यात मागची रांग चाचपली आणि हात पोकळीत गेला. कुणीतरी मागच्या बाटल्या काढून पुढच्या नीट पुढे सारून ठेवल्या होत्या, आपल्या दुकानात शोकेसमधल्या चष्म्याच्या फ्रेमी संपत आल्या की ठेवतात तशा.

तो कपडे धुण्याच्या यंत्राला टेकून उभा राहिला. बादलीत आज भरायची नवी बिअर होती आणि तिच्या झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून अजून अधूनमधून एखादा बुडबुडा डुबकन निघत होता. त्या आवाजाने एरवी त्याला बरं वाटे. कुणीतरी घरात झोपलंय आणि सुखाने श्वास घेतंय असं. आज तो आवाज नको झाला. त्याला आठवल्या त्या दुसऱ्या बाटल्या, त्या काळच्या. कपड्यांच्या टोपलीत तळाशी सापडलेल्या, हिवाळी बुटात, शिवणाच्या डब्यात, एकदा तर टर्की भाजायच्या मोठ्या पातेल्यात, पातेलं काढलं तेव्हाच सापडलेली. त्यांचा वास. तळाशी वाळलेलं काळपट गोल वर्तुळ, एकीत तर बुरशीची पांढरी टोपी. त्यातली एकेक तो खाली आणून सोड्यात भिजत घालायचा, ब्रशने घासायचा आणि पुन्हा वापरायचा. चांगली काच टाकवायची नाही त्याच्याने. बायको वर सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली असायची आणि हा खाली तिच्या लपवलेल्या बाटल्या धूत असायचा. काय करत होतो आपण, असं त्याच्या मनात आलं, आणि तो विचार त्याने तिथेच सोडून दिला, कारण वरच्या बाजूच्या दारावर कुणीतरी बुटाने ठकठक करत होतं.

लाईल होता. शेजारच्या गल्लीतला, पॅकर्स या फुटबॉल संघाची हिरवी टोपी कधीच न काढणारा, रोलंडच्या बिअरचं सर्वात जुनं आणि सर्वात फुकट गिऱ्हाईक. दोन्ही हात गुंतलेले म्हणून बुटाने दार वाजवत होता.

"घे बाबा, तुझी लेकरं आणलीयेत," म्हणत त्याने खोकं पायऱ्यांवर आदळलं. "सगळी सुखरूप. एकीत सिगरेटचं थोटूक आहे, ते माझ्या मेव्हण्याचं. मला बोलू नकोस."

"विसळल्यास?"

"मी? आयुष्यात?" लाईल हसला. "मी विसळल्या तर तुला करायला काय राहील? मॅच सुरू होतेय. येतोस?"

"नाही. आज बाटल्या भरायच्यात." रोलंड जरा थांबला. मग त्याला राहवेना. "लाईल, मी नसताना तू खाली येऊन काही बाटल्या नेल्यास का? ऑक्टोबरच्या?"

"तुला न विचारता?"

"विचारतोय नुसतं."

"ऐक, रोलंड. मी चोरून प्यायलो असतो तर तुला लगेच कळलं असतं. अर्धवट, घाणेरडी, माशी पडलेली बाटली सापडली असती तुला, पायरीवरच. चोर बाटली धुऊन ठेवत नाही. किती गेल्यात?"

"जाऊ दे."

लाईल तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता. मग त्याच्याही मनात बहुधा तेच नाव आलं असावं, कारण त्याने टोपी पुढे ओढली, "नॅडीन बरी आहे ना?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बर्फ तुडवत निघून गेला.

रोलंड खाली आला आणि कामाला लागला. दुसरं काही सुचत नव्हतं. मोरीत गरम पाणी सोडलं, लाईलच्या बाटल्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, कागद सुटून वर तरंगायला लागले तसे बोटांनी ओढून काढले. मेव्हण्याचं थोटूक चिमट्याने बाहेर काढलं. बिअर करायला शिकायला येणाऱ्या नव्या मंडळींना तो नेहमी एकच गोष्ट घोकून घेत असे: धुणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. जंतुनाशक कितीही ओता, आत घाण असेल तर ते घाणीवरूनच वाहून जातं. आधी घाण काढा, मग जंतूंचं बघू. हे सांगताना त्याचा आवाज जरा चढत असे, आणि नवी मंडळी खाली मान घालून ऐकत. आज त्याचा ब्रश त्याच त्याच बाटलीत फिरत होता. त्याला नॅडीन दिसत होती. पडद्याच्या अलीकडे कपडे यंत्रात टाकते, पडदा सारते, मागच्या रांगेतून एक काढते, पत्र्याचं झाकण उडवते, इथेच उभी राहून पिते. मग हात आपोआप नळाकडे. तीनदा. उजेडात धरते. ते उजेडात धरणंच त्याला सोसवत नव्हतं. जी बाई नवऱ्याला फसवताना त्यानेच शिकवल्याप्रमाणे तळ तपासते, तिच्यावर चिडावं तरी कसं? आणि तो चिडला होता. खूप चिडला होता. एवढे महिने मंगळवारी आणि रविवारी बैठकीला जायचं, वर्ष झालं म्हणून तांब्याचं पदक आणायचं, ते पदक फ्रिजवर चुंबकाने लावायचं, त्याने त्या दिवशी केक आणला होता, चक्क केक, दुकानातल्या पोरीने वर काय लिहू विचारलं तर याला सांगता येईना, शेवटी नुसतं 'नॅडीन' लिहून घेतलं. आणि एवढं सगळं करून शेवटी धुतलेली बाटली.

पण त्याला त्याहून जुनं काहीतरी टोचत होतं. सोडायचं ठरवलं त्या संध्याकाळी नॅडीन स्वयंपाकघरात बसून म्हणाली होती, "तू तुझं बंद करू नकोस. तो तुझा छंद आहे. मी खाली फक्त कपड्यांपुरती येईन." आणि तो म्हणाला होता, "बरं." इतकं पटकन म्हणाला होता की तिचं वाक्य पुरतं संपलंसुद्धा नव्हतं. ते 'बरं' त्याला आता ऐकू येत होतं.

गाडीचा आवाज आला तेव्हा बाहेर अंधारून यायला लागलं होतं. डिसेंबरात तिथे चार वाजले की संपलंच. रोलंड हात पुसत वर गेला. नॅडीन दारात बूट काढत होती. गालांवर थंडीने लाली आली होती, टोपीखाली केस चप्प बसले होते.

"भरल्या का बाटल्या?" तिने विचारलं.

"अजून नाही."

तो पुढे झाला आणि तिचं चुंबन घेतलं. ओठांवर, आणि जरा जास्त वेळ. कॉफी. चर्चची ती करपट कॉफी. आणि कॉफीच्या मागे पुदिना. पुदिन्याची गोळी कशाला खाल्ली हिने? त्याने नाकाने आत श्वास ओढला, अगदी हलकेच ओढला असं त्याला वाटलं.

नॅडीन मागे सरली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्याच्या नाकाकडे बघितलं.

"वास घेतलास," ती म्हणाली.

"काय?"

"रोली, मला नको शिकवूस. सात वर्षं तू असंच चुंबन घेत होतास. आल्या आल्या दारातच. मला वाटायचं, किती प्रेम उतू चाललंय याचं. मग कळलं." तिने कोट खुंटीला अडकवला. तिचे हात शांत होते आणि आवाजही शांत होता, त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली. "काय झालं? काय सापडलं?"

"ओली बाटली."

"हं."

"बऱ्याच ओल्या बाटल्या. आणि ऑक्टोबरच्या खोक्यात मागे काहीच नाही." आता मात्र त्याचा आवाज चढला. "नॅडीन, तू मला सांगायचं होतंस. मी रागावलो नसतो. पण पिऊन वर धुऊन, पुसून, रांगेत लावून ठेवायचं—"

"मी पीत होते तेव्हा," ती म्हणाली, "कधी बाटली धुतली होती का?"

रोलंडने पुसलेले हात पुन्हा पँटला पुसले.

"बुटात ठेवत होते. टोपलीत ठेवत होते. तूच काढायचास ना? तूच घासायचास, मला ब्रशचा आवाज यायचा वरती. त्यातली एक तरी धुतलेली सापडली तुला? एक?"

लाईल पायरीवर उभा राहून हेच म्हणाला होता, आणि लाईलचं त्याला तिथल्या तिथे पटलं होतं. लाईलवर विश्वास ठेवायला त्याला अर्धं मिनिट लागलं नव्हतं.

"ओतल्या मी," नॅडीन म्हणाली. "मोरीत. कपडे धुवायला गेले की एक. पहिली प्यायलाच उघडली होती, खोटं नाही सांगत. तुझ्या त्या माशांच्या पडद्याने काही लपत नाही रे, उलट तो पडदा दिसला की आठवण होते. तोंडापर्यंत नेली होती. मग काय झालं कुणास ठाऊक, ओतली. आणि ओतल्यावर तशीच टाकवेना, हात आपोआप नळाकडे गेला. मग दर खेपेला एक ओतायला लागले. वर येऊन इथे बसायचे, या खुर्चीत, हात धरून. थरथर थांबेपर्यंत."

"मग मला का नाही सांगितलंस? मी बंद केलं असतं."

"केलं असतंस. आणि मग सगळ्या गावाला सांगत फिरला असतास की नॅडीनसाठी बंद केलं." ती खुर्चीत बसली. "मला ते ओझं नको होतं. मला वाटायचं, एक एक ओतत राहिले तर एक दिवस संपतील. पण तू नव्या करतोस."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. उन्हाळ्यात गवत वाढतं, पुन्हा कापावं लागतं, असं सांगावं तसं म्हणाली. रोलंडला एकदम तिच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि तो बसला नाही, कारण गुडघा दुखत होता आणि कारण ते नाटकी झालं असतं. त्याला लाज वाटत होती. साधी, उघडी लाज, लहानपणी चर्चमध्ये मोठ्याने हसला तेव्हा वाटली होती तशी.

"मी बंद करतो," तो म्हणाला.

"असं पटकन म्हणू नकोस," नॅडीन म्हणाली. "मागे 'बरं'सुद्धा असंच पटकन म्हणाला होतास."

फ्रिजची घरघर सुरू झाली आणि बंद झाली. शेजारच्या घरातून मॅच बघणाऱ्यांचा एकदम ओरडा आला.

"एक ओतून दाखव," ती म्हणाली. "एकच. मी येते तुझ्याबरोबर."

दोघं खाली गेले. पडदा त्याने सारला; वरची एक कडी निसटली आणि पडदा एका कोपऱ्यात लोंबत राहिला. त्याने ऑक्टोबरची एक बाटली घेतली आणि ओपनरने झाकण उडवलं. बारीकसा फुस्स आवाज झाला, अगदी हवा तसा, आणि भाजलेल्या धान्याचा, किंचित मधाचा वास वर आला. अशी बिअर आपल्या हातून पुन्हा होणार नाही हे त्याला बाटल्या भरतानाच कळलं होतं. तो मोरीपाशी गेला. नॅडीन यंत्राला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, आणि तोंड जरा बाजूला वळवून.

मनगट वळेना. एवढंच करायचं होतं, मनगट वळवायचं, आयुष्यभर दिवसातून शंभर वेळा वळवतो तसं, आणि ते वळत नव्हतं. त्याने बाटली मोरीवर धरली आणि त्याच्या मनात आलं की एक घोट, फक्त चव बघायला, मग ओतू. मग मनात आलं की लाईलला देऊ सगळ्या, टाकण्यापेक्षा देणं बरं. मग मनात आलं की ही आत्ता वर जाईल आणि आपण उरलेल्या जपून ठेवू, गॅरेजमध्ये, ती गॅरेजमध्ये जात नाही. आणि हा शेवटचा विचार मनात आला तेव्हा तो दचकला, कारण तो विचार त्याच्या ओळखीचा होता. बुटांचा, टोपलीचा, शिवणाच्या डब्याचा विचार होता तो. माझं काही नाही, मी फक्त शनिवारी दोन-तीन, असं तो कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. आणि नॅडीनने हे ओतणं प्रत्येक वेळी केलं. इथे, या दिव्याखाली, एकटीने. तोंडापर्यंत नेऊन.

"जमत नाही मला," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

"माहितीये," ती म्हणाली. जवळ आली नाही. "थांब जरा. जमतं मग."

ते थांबले. बादलीवरच्या नळीत एक बुडबुडा डुबकन फुटला. मग, केव्हा ते त्याला कळलं नाही, मनगट वळलं आणि बिअर घटाघट मोरीत पडायला लागली, तपकिरी, वर पिवळसर फेस, आणि वास सगळ्या तळघरात पसरला. नॅडीनने बाही नाकाला लावली, पण ती हलली नाही. बाटली हलकी झाली. शेवटी तळाचा गाळ तिरपा होऊन सरकला आणि तिथेच राहिला.

रोलंडचा डावा हात नळाकडे गेला. गरम पाण्याचा नळ, डावीकडचा, बघावंही लागत नसे. त्याची बोटं नळावर पडली आणि त्या बोटांवर नॅडीनचा हात येऊन पडला, थंड, अजून बाहेरच्या हवेचा.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तशीच."

"गाळ वाळेल."

"वाळू दे."

त्याने बाटली उजेडात धरली. तळाशी चमचाभर राखाडी यीस्ट होतं, काचेला धरून हळूहळू बसत चाललेलं. उद्यापर्यंत ते सुकेल, परवा दगड होईल, मग कितीही घासलं तरी ही बाटली पुन्हा भरता येणार नाही. त्याचा हात नुसता शिवशिवत होता. तिने त्याच्या हातातून बाटली घेतली, मोरीच्या कडेवर न विसळता उभी ठेवली आणि मागे वळून पुढची आणायला गेली.